यूएमएल, आर्किमेट, बीपीएमएन की सी-फोर? आधी कोणाला काय बोलता येत नाही ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर इथेच कळेल. सहा वर्षं जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करून तुम्ही एका बँकेच्या आर्किटेक्चर टीममध्ये आला आहात. तिथे बँकेच्या प्रणाली आणि कामाच्या प्रक्रिया डायग्राममधून मांडायच्या चार भाषांवरून वाद आहे. चीफ आर्किटेक्ट म्हणतात, सगळं आर्किमेटमध्ये काढा. जुना टीम लीड म्हणतो, यूएमएल येतं ना, मग बाकीची थेरं कशाला. बिझनेस अ‍ॅनालिस्ट बीपीएमएन सोडायला तयार नाहीत आणि नव्याने आलेली पोरं सी-फोरचे दोन डायग्राम काढून मोकळी होतात. यातलं नेमकं काय शिकावं, सगळ्या बँकेसाठी एकच भाषा ठरवावी का, आणि सर्टिफिकेशनचा काही उपयोग होतो का, हे तुमचे तीन प्रश्न.

बावीस वर्षं हे काम करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त बँका आणि विमा कंपन्यांमध्ये गेली. 'कोणती भाषा चांगली' हा वाद इतक्यांदा ऐकलाय की कोणी सुरू केला की मी चहा घ्यायला उठतो. वाद नेहमी 'आमच्यात हेही काढता येतं' या वळणाने जातो. काढायला गेलं तर प्रत्येकीत जवळजवळ सगळं काढता येतं. यूएमएलच्या अ‍ॅक्टिव्हिटी डायग्राममध्ये कर्जाची प्रक्रिया बसते, आर्किमेटमध्ये ओढूनताणून डेटा मॉडेलही बसतं. मला विचाराल तर उलट्या बाजूने बघा. कोणत्या भाषेला काय बोलता येत नाही? जे बोलता येत नाही ते डायग्राम काढताना कोणी विचारतच नाही, आणि रात्री दोन वाजता प्रॉडक्शनमधून, म्हणजे प्रत्यक्ष चालू प्रणालीवरून, नेमका त्याचाच फोन येतो.

आधी यांची माहेरं बघू. माहेर कळलं की स्वभावाचा अंदाज येतो.

यूएमएलचं माहेर प्रोग्रामरच्या टेबलावर. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइनच्या, म्हणजे कोड वस्तूंच्या रूपात रचायच्या, पद्धती उदंड होत्या आणि प्रत्येकीची चिन्हं वेगळी. ग्रेडी बूच क्लास (एका जातीच्या वस्तूंचा कोडमधला साचा) दाखवायला ढग काढायचे, जेम्स रम्बॉ चौकोन. हे दोघे आणि इव्हार जेकबसन असे तिघे रॅशनल कंपनीत एकत्र आले, आणि १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे ओएमजीने, यूएमएल प्रमाण म्हणून स्वीकारलं. ढग गेले, चौकोन राहिले. पुढे त्यात भर पडत पडत आज १४ प्रकारचे डायग्राम आहेत. पण पिंड तोच राहिला: कोड लिहिणाऱ्याने कोड लिहिणाऱ्याशी बोलायची भाषा.

आर्किमेट नेदरलँड्सचं. २००२ ते २००४ या काळात टेलेमॅटिका इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत मार्क लँकहॉर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झालं, आणि सोबत कोण होतं ते लक्षात ठेवा: एबीएन अ‍ॅम्रो ही बँक, एबीपी हा पेन्शन फंड, आणि तिथलं करखातं. म्हणजे ज्यांच्याकडे शेकड्यांनी प्रणाली आहेत आणि कुठल्या खात्याचं काम कुठल्या सर्व्हरवर उभं आहे हे एका माणसाला सांगता येत नाही, अशा घरातली ही लेक. २००८ मध्ये ती द ओपन ग्रुप या प्रमाणं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, २०२२ मध्ये ३.२ ही आवृत्ती आली. हिच्या रचनेतली मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिचा पाया चक्क वाक्यरचनेवर आहे. काम करणारा घटक, केलं जाणारं काम आणि ज्यावर काम होतं ती वस्तू. शाळेत बाईंनी घोकून घेतलेलं कर्ता, कर्म, क्रियापद. 'शाखा व्यवस्थापक कर्जअर्ज तपासतो' हे वाक्य मराठीत नीट लिहिता आलं तर आर्किमेटमध्ये तीन चौकोन आणि दोन रेघा आपोआप पडतात. ज्यांना वाक्य लिहिता येत नाही त्यांचे डायग्रामही तसेच असतात, हा माझा अनुभव आहे.

बीपीएमएन २००४ ची, प्रक्रिया सुधारणाऱ्यांची. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती सॉफ्टवेअर इंजिनला देऊन चालवताही येते. सी-फोर ही सायमन ब्राउन यांची, आणि काटेकोर बोलायचं तर ती भाषा नाहीच. एका प्रणालीकडे चार अंतरांवरून बघायची शिस्त आहे. टोगॅफ आणि झॅकमन ही नावंही तुम्ही ऐकाल. त्याही भाषा नाहीत. टोगॅफ कामाची पद्धत सांगते, झॅकमनची १९८७ ची चौकट म्हणजे कागद ठेवायच्या कपाटाचे कप्पे. 'आम्ही टोगॅफमध्ये डायग्राम काढतो' असं कोणी म्हणालं तर हसू दाबा.

आता एकच गोष्ट घेऊ आणि सगळ्यांना बोलायला लावू. तुम्ही बँकेत आहात, तेव्हा यूपीआय.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तुम्ही क्यूआर स्कॅन केला, १८० रुपये टाकले, पिन दिला. तुमच्या अ‍ॅपमागची पीएसपी बँक (तुम्हाला यूपीआयशी जोडून देणारी) एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, स्विचला विनंती पाठवते. एनपीसीआय वाण्याच्या पीएसपीला विचारतं, हा व्हीपीए, म्हणजे यूपीआयचा पत्ता, कुठल्या खात्याचा? उत्तर आलं की तुमच्या बँकेला निरोप जातो, डेबिट करा. पिन तपासते ती तुमची बँक. डेबिट झाल्याचं कळलं की वाण्याच्या बँकेला निरोप, क्रेडिट करा. मग दोन्ही अ‍ॅपना निकाल.

हे यूएमएलच्या सीक्वेन्स डायग्राममध्ये काढा. पाच उभ्या रेघा: दोन पीएसपी, दोन बँका, मध्ये एनपीसीआय. वरून खाली वेळ. आडवे बाण जातात आणि येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पहिल्यांदा काढणारा प्रत्येक जण सगळं सुरळीत झालं तर काय होईल तेवढंच काढतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. पेन घ्यायचं आणि परत येणाऱ्या प्रत्येक बाणावर टेकवून विचारायचं: हा आलाच नाही तर? व्हीपीएचं उत्तर आलं नाही, काही बिघडलं नाही. पैसे हललेले नाहीत, व्यवहार फेल. डेबिटचं उत्तर आलं नाही, इथे पोटात गोळा येतो. डेबिट झालंय की नाही माहीत नाही. क्रेडिटचं उत्तर आलं नाही, सगळ्यांत वाईट. तुमचे पैसे नक्की गेलेत, वाण्याला पोचलेत का ते ठाऊक नाही. यूएमएल २ मध्ये पर्यायांसाठी चौकटी आहेत, त्या वापरून हे तीनही फाटे काढता येतात. ही ताकद बाकी कुठल्याच भाषेत इतकी स्वस्तात मिळत नाही.

पण सीक्वेन्स डायग्राम एका वेळी एकच गोष्ट सांगतो. 'या व्यवहाराच्या एकूण अवस्था किती?' याचं उत्तर त्यात नाही. त्यासाठी यूएमएलचाच स्टेट डायग्राम. सुरू, डेबिट झालं, क्रेडिट पाठवलं, यशस्वी, अपयशी, पैसे परत. आणि यूपीआयच्या लोकांच्या तोंडी असलेली आणखी एक: डीम्ड. म्हणजे क्रेडिटचं उत्तर वेळेत आलं नाही, तूर्तास झालं असं धरून चाललो आहोत, नक्की काय ते मागाहून ठरेल. मागाहून म्हणजे लाभार्थी बँक तरी क्रेडिटची कबुली देते, नाहीतर पैसे परत पाठवते.

एका बँकेत, नाव राहू द्या, मी असा डायग्राम तपासायला बसलो होतो. ए-थ्री कागदावर छापलेला, सुबक. 'डीम्ड'च्या गोल कडांच्या चौकोनात एक बाण आत येत होता आणि बाहेर एकही जात नव्हता. मी विचारलं, इथून पुढे काय? टीम म्हणाली, ते रिकन्सिलिएशनवाले, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळवणारे, बघतात. रिकन्सिलिएशनवाल्यांकडे गेलो. तिथे एक्सेल होतं. रोज सकाळी एक जण दोन फाइली उघडून व्हीलुकअप (एका फाइलीतली नोंद दुसरीत शोधायचं सूत्र) मारायचा, आणि तो रजेवर गेला की नाही मारायचा. डिझाइनच्या ६० पानी डॉक्युमेंटमध्ये हे कुठेही नव्हतं, आणि त्यात कोणी लपवाछपवीही केलेली नव्हती. सीक्वेन्स डायग्राम डझनभर होते, स्टेट डायग्राम रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी कोणीतरी घाईने काढलेला. त्या घाईच्या कागदानेच भोक दाखवलं. स्टेट डायग्रामचा हा एक गुण कुठल्याही फॅशनमध्ये विसरू नका: ज्या अवस्थेतून बाण बाहेर जात नाही ती शेवटची अवस्था असते, नाहीतर ती चूक असते. तिसरा पर्याय नाही.

बरं, मग यूएमएल पुरेसं का नाही?

कारण या दोन्ही डायग्रामना 'का' म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे, फसलेले व्यवहार किती दिवसांत निस्तरायचे त्याबद्दलचं. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्यात पाठवलेले पैसे डेबिट झाले पण पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत. दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा झाली नाही तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. आता उद्या यातला पाचाचा आकडा तीन झाला तर तुमच्या बँकेतल्या कुठल्या प्रक्रिया, कुठल्या प्रणाली, कुठले रात्रीचे जॉब, कुठल्या व्हेंडरचं कंत्राट यांना हात लावावा लागेल? हा प्रश्न क्लास डायग्रामला विचारून उपयोग नाही. आर्किमेट याच प्रश्नासाठी जन्माला आलं. वरच्या थराला परिपत्रक बंधन म्हणून काढा, त्याखाली त्यातून निघणारी आवश्यकता, ती पूर्ण करणारी तक्रार-निवारण प्रक्रिया, तिला सेवा देणारं रिकन्सिलिएशन अ‍ॅप्लिकेशन, ते चालतं तो सर्व्हर. पिवळा, निळा, हिरवा. हे रंग म्हणजे वहिवाट आहे, प्रमाणाचा भाग नाही, पण सगळे पाळतात. एका परिपत्रकावर बोट ठेवून खाली उतरत सर्व्हरपर्यंत पोचायचं. मॉडेल नीट भरलेलं असेल तर ही यादी टूलमधून दहा मिनिटांत निघते. नसेल तर पुढचे तीन आठवडे मीटिंगा.

आणि आर्किमेटला काय बोलता येत नाही? वाट बघणं. किती सेकंद थांबायचं, मग कोणी काय करायचं, पुन्हा पाठवायचं की सोडून द्यायचं, यातलं काहीही. घटनाक्रमासाठी त्यात बाण आहेत, फाटे फोडायला जंक्शनही आहे, पण ते कामचलाऊ. 'डीम्ड'चं भोक आर्किमेटच्या सर्वोत्तम मॉडेलमध्येही दिसणार नाही, कारण तिथे रिकन्सिलिएशनचा निळा चौकोन जागच्या जागी आहे आणि रेघाही बरोबर आहेत. चीफ आर्किटेक्ट सगळं आर्किमेटमध्येच काढा म्हणतात तेव्हा मला हीच भीती वाटते. साठेक प्रकारचे घटक आणि ११ प्रकारची नाती एवढा ऐवज हातात असला की माणसाला वाटतं सगळं बोलून झालं.

बीपीएमएन इथे मधली जागा भरते. दुकानदाराकडे व्यवहाराची खातरजमा झाली नाही, व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांचं घड्याळ सुरू झालं, घड्याळ संपायच्या आत लाभार्थी बँकेचा निरोप आला तर एक वाट, नाही आला तर दुसरी. दुहेरी वर्तुळात घड्याळाचं चिन्ह हे या भाषेतलं माझं सगळ्यांत लाडकं चिन्ह आहे. परिपत्रकातला पाचाचा आकडा नेमका तिथे जाऊन बसतो, आणि बॅक ऑफिसच्या माणसाला कुठलंही प्रशिक्षण न देता कळतो. याउलट डेटाची रचना, संस्थेची रचना, व्यवसायाचे नियम हे आमच्या कक्षेबाहेर आहे, असं बीपीएमएनच्या स्पेसिफिकेशनने स्वतःच सांगून टाकलंय. इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ. तरीही लोक कर्जपात्रतेचे ३० नियम गेटवेच्या, म्हणजे वाट फुटते त्या चिन्हाच्या, चौकटीआड चौकटी लावून काढतात आणि भिंतभर डायग्राम होतो. नियमांसाठी डीएमएन आहे, निर्णयाचा साधा तक्ता. तिथे टाका.

बीपीएमएनमध्ये एक चूक मी दर प्रोजेक्टला बघतो. एनपीसीआय, आपली बँक आणि व्हेंडर या तिघांना एकाच पूलच्या (एका मालकाचं काम दाखवणाऱ्या मोठ्या चौकटीच्या) तीन लेन, म्हणजे आतल्या पट्ट्या, करतात आणि सरळ रेघ या लेनमधून त्या लेनमध्ये नेतात. दिसायला छान दिसतं. पण सरळ रेघेचा अर्थ असा की एकच कोणीतरी हे सगळं चालवतंय आणि पुढचं काम कधी सुरू व्हायचं ते त्याच्या हातात आहे. एनपीसीआय तुमच्या हातात नाही. वेगळ्या मालकाला वेगळा पूल, आणि पूलांच्या मध्ये फक्त तुटक रेघ, निरोपाची. निरोप पाठवला म्हणजे पोचला असं नाही, आणि पोचला म्हणजे उत्तर येईल असंही नाही. एवढी एक रेघ तुटक केली की माणूस आपोआप विचारतो, उत्तर नाही आलं तर? घड्याळाचं चिन्ह तिथूनच येतं.

रेघांवरून आठवलं, बाणांची दिशा. हे जरा तपशिलाने सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे.

यूएमएलमध्ये अवलंबित्वाचा तुटक बाण गरजवंताकडून पुरवठादाराकडे जातो. कर्ज प्रणालीला ग्राहक-माहिती प्रणाली लागते, तर बाण कर्जाकडून ग्राहक-माहितीकडे. आर्किमेटमध्ये सेवा देण्याचा बाण बरोबर उलटा: जो देतो त्याच्याकडून, जो घेतो त्याच्याकडे. दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचे आहेत. पण एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही असले की घात होतो. एका ठिकाणी शनिवारी रात्री ग्राहक-माहिती प्रणाली चार तास बंद ठेवायची होती. कोणाकोणाला फटका बसेल, यादी काढा, असं मला सांगितलं. मॉडेल आर्किमेटमध्ये होतं, माझं डोकं यूएमएलवर वाढलेलं. त्या चौकोनात येणारे बाण मोजले, दोन निघाले, दोन टीमना मेल टाकला आणि घरी गेलो. ते दोघं ग्राहक-माहितीला सेवा देणारे होते. त्यांना काडीचाही फरक पडणार नव्हता. तिच्याकडून बाहेर जाणारे सात बाण मी बघितलेच नाहीत. कर्ज, लॉकर, एसएमएस, कॉल सेंटरची स्क्रीन, सगळे तिकडे. साडेअकराला पहिला फोन आला, आणि एक वाजेपर्यंत मी सात वेगवेगळ्या लोकांची माफी मागितली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक डायग्रामच्या कोपऱ्यात 'बाणाचा अर्थ' अशी एक ओळ असते. भाषा प्रमाणित असली तरी. वाचणारा प्रमाणित असेलच असं नाही.

सी-फोरबद्दल थोडक्यात, कारण ती खरंच थोडक्यात आहे. संदर्भ, कंटेनर, कॉम्पोनंट, कोड असे चार थर. यातले पहिले दोन पुष्कळ. कंटेनर म्हणजे इथे डॉकर या टूलमधला कंटेनर नव्हे, स्वतंत्र चालणारा तुकडा: वेब अ‍ॅप, डेटाबेस, मोबाइल अ‍ॅप. नवीन माणूस टीममध्ये आला की त्याला पहिल्या दिवशी दाखवायला याहून चांगलं काही नाही. एकच प्रणाली समजून घ्यायची तर उत्तम. ४०० प्रणालींमधली कुठली बंद करावी हे ठरवायचं तर निरुपयोगी, कारण त्यात खातं नाही, परिपत्रक नाही, कंत्राट नाही. चिन्हं तुमची तुम्ही ठरवायची असल्यामुळे चिन्हांच्या अर्थाची सूची न लावता काढलेला सी-फोर म्हणजे पुन्हा नुसते चौकोन. पोरांना तेवढं सांगा, बाकी त्यांना त्रास देऊ नका.

तुमच्या टीम लीडला मात्र थोडी सहानुभूती दाखवा. आमच्या पिढीला यूएमएलबद्दल जे वाटतं त्यामागे इतिहास आहे. मॉडेल काढा, बटण दाबा, कोड बाहेर, हे स्वप्न २००१ च्या सुमारास ओएमजीने मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर या नावाने जगभर विकलं. पुण्यात तर ते त्याआधीच सुरू होतं. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतलं टीसीएसचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र मॉडेलमधून व्यवसायाच्या मोठ्या प्रणालींचा कोड तयार करायचं काम करत होतं. मास्टरक्राफ्ट ही त्यांची साधनं. एका मॉडेलचं दुसऱ्या मॉडेलमध्ये रूपांतर करायचं ओएमजीचं क्यूव्हीटी हे जे प्रमाण आहे, ते घडवणाऱ्यांत टीसीएस होतं. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ते स्वप्न सर्वत्र का पसरलं नाही यावर वेगळं लिहावं लागेल. पण झालं असं की बाकी जगाने यूएमएल हळूहळू स्केचवर आणलं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या मारियन पेत्रे यांनी २०१३ मध्ये ५० व्यावसायिकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यातले ३५ जण यूएमएल मुळीच वापरत नव्हते, आणि उरलेल्यांतले बहुतेक निवडून, सोयीपुरतं वापरत होते. माझाही हिशेब तोच. १४ पैकी क्लास, सीक्वेन्स, स्टेट हे तीन नीट शिका. डिप्लॉयमेंट वाचता आला की पुरे. युज केसची (वापरणाऱ्याला प्रणालीकडून काय करून हवंय त्याची) काडीची माणसं काढण्यात आयुष्य घालवू नका. त्यापेक्षा युज केस मजकुरात लिहा.

सिसएमएल, म्हणजे यंत्रांसकट सगळ्या प्रणालीसाठी यूएमएलवरून निघालेली भाषा, तुम्ही विचारलं नाहीत, बरोबर केलंत. गाडीचा ब्रेक कंट्रोलर किंवा उपग्रह बनवत असाल तर ती हवी, कारण तिथे वजन, वीज, तापमान यांचीही समीकरणं मॉडेलमध्ये लागतात. बँकेत नको.

आता दुसरा प्रश्न, सगळ्या बँकेने एकच भाषा ठरवावी का. नाही. पण सीमारेषा एकच ठरवा, आणि ती लेखी ठेवा. मी सध्या जिथे आहे तिथे ती अशी आहे: दोन प्रणालींच्या किंवा दोन खात्यांच्या मधलं जे काही, ते आर्किमेट. माणसांनी क्रमाने करायचं जे काही, ते बीपीएमएन. एका प्रणालीच्या आत, सी-फोर आणि गरजेपुरतं यूएमएल. पैसे हलतात तिथे सीक्वेन्स आणि स्टेट दोन्ही सक्तीचे, अपवाद नाही. यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट चिन्हांशी संबंधित नाहीच. आर्किमेटमध्ये ज्या प्रणालीला 'ग्राहक-माहिती' म्हटलंय तिला बीपीएमएनमध्ये 'सीआयएफ' आणि सी-फोरमध्ये 'कस्टमर सर्व्हिस' म्हणू नका. एका बँकेत एकाच प्रणालीची मी पाच नावं मोजली आहेत, त्यातलं एक दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या व्हेंडरचं. नावांची एक यादी करा, तिला एक मालक द्या, आणि डायग्राममधलं नाव त्या यादीत नसेल तर रिव्ह्यूच करू नका. चार भाषा त्याने एकमेकींना चिकटतात. टूल बदलून चिकटत नाहीत.

टूलचं म्हणाल तर आर्किमेटसाठी आर्ची फुकट आहे आणि शिकायला पुरेसं आहे. यूएमएलसाठी प्लँटयूएमएल किंवा मर्मेड, म्हणजे मजकूर लिहायचा आणि चित्र आपोआप. मजकूर असल्यामुळे तो कोडशेजारीच गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) राहतो आणि पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल तपासणीला मांडताना, दिसतो. सहा महिन्यांनी जिवंत असलेले डायग्राम मी बहुतेक असेच पाहिलेत. ड्रॉ-आयओ या नुसती चित्रं काढायच्या टूलमध्ये आर्किमेटची चिन्हं मिळतात म्हणून तिथे मॉडेल करू नका. तिथे एकच प्रणाली दहा पानांवर काढली तर ते दहा चौकोन असतात. आर्चीत ती एकच गोष्ट असते आणि दहा पानांवर दिसते. 'याला काय काय चिकटलंय?' हा प्रश्न आर्चीलाच विचारता येतो. आणि एका टूलमधून दुसऱ्यात यूएमएल नेताना एक्सएमआय या देवाणघेवाणीच्या फाइल-प्रकारावर भरवसा ठेवू नका. घटक बहुधा पोचतात, चित्राची मांडणी वाटेत सांडते.

सर्टिफिकेशन. आर्किमेटचं करा, जर बँक पैसे देत असेल तर. परीक्षेच्या निमित्ताने ११ नात्यांचे अर्थ एकदा नीट पाठ होतात, आणि माझ्यासारखी शनिवारची रात्र टळते. यूएमएलचं तुमच्या टप्प्यावर करू नका. मुलाखतीत कोणी विचारत नाही. बीपीएमएनसाठी परीक्षेपेक्षा बॅक ऑफिसमध्ये दोन दिवस बसा, आणि ते लोक प्रत्यक्ष काय करतात ते पूल-लेनमध्ये काढून त्यांनाच दाखवा. 'असं नाही करत हो आम्ही' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येईल. तोच अभ्यासक्रम.

आणि सुरुवात कुठून करू असं विचाराल, तर तुमच्याच बँकेतला यूपीआयचा व्यवहार घ्या. जुने डॉक्युमेंट उघडू नका, लोकांना विचारून स्वतः स्टेट डायग्राम काढा. एक दुपार लागेल. मग 'डीम्ड'मधून किती बाण बाहेर जातात ते मोजा, आणि प्रत्येक बाणावर तो हलवणाऱ्या प्रणालीचं किंवा माणसाचं नाव लिहा. एखाद्या बाणावर 'एक्सेल' लिहावं लागलं, तर आर्किमेट, यूएमएल सगळं बाजूला ठेवून आधी त्या माणसाला विचारा, तुम्ही रजेवर गेलात की हे कोण करतं.